यंत्राचा जीर्णोद्धार

जुने ते सोने, ही म्हण आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की, सोने आणि जुनी वस्तू ह्यांमधील एक मोठा भेद आपल्या ध्यानात राहत नाही. सोने तिजोरीत पडून राहिले तरी सोनेच असते. आपले सोनेपण सिद्ध करण्यासाठी त्यास काही करून दाखवावे लागत नाही. यंत्राची गोष्ट निराळी आहे. यंत्राचे यंत्रपण त्याच्या चालण्यात असते, आणि चालणे म्हणजे झिजणे. म्हणून जुन्या यंत्रावर प्रेम करणाऱ्या मनुष्यापुढे एक चमत्कारिक पेच उभा राहतो. यंत्र जसेच्या तसे राखावे, तर ते बंद पडते. चालते राखावे, तर ते जसेच्या तसे राहत नाही. हा पेच केवळ मोटारींच्या शौकिनांचा आहे, असे समजून तो सोडून देणे मला योग्य वाटत नाही. वडिलोपार्जित घर, गावचे देवालय, कुळाची रीत ह्यांच्या बाबतीत प्रत्येक सुबुद्ध कुटुंबास केव्हा ना केव्हा हाच प्रश्न सोडवावा लागतो. मोटारीच्या उदाहरणात तो अधिक स्पष्ट दिसतो, इतकेच.

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात ह्या प्रश्नाचा विचार करण्यास मोहर्लीइतके सोयीचे स्थळ दुसरे नाही. चंद्रपूरपासून सुमारे ३० किलोमीटरवर, इरई जलाशयाच्या काठी वसलेले हे गाव ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे एक प्रमुख प्रवेशद्वार आहे. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, अंधारीचे अभयारण्य १९८६ साली झाले, आणि १९९५ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. त्याच्या गाभ्याचे क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर भरते. ह्या अरण्यात प्रवाशांना घेऊन जाणारी उघडी गाडी म्हटली म्हणजे जिप्सी; किंबहुना ते एका गाडीचे विशेषनाम न राहता अशा वाहनांचे सामान्यनामच होऊन बसले आहे. मारुती कंपनीने ही गाडी डिसेंबर १९८५ मध्ये बाजारात आणली. प्रथम तिचे इंजिन ९७० घन सेंटिमीटरचे होते. पुढे १९९६ च्या सुमारास १.३ लिटरचे मोठे इंजिन आले. ह्या दोन्ही इंजिनांना कार्ब्युरेटर होता. २००० साली त्याच्या जागी इंधनाचे इंजेक्शन आले, आणि २०१९ च्या सुमारास गाडीचे सार्वजनिक उत्पादनच थांबले. नवी गाडी मिळेनाशी झाली की जुनीच टिकविणे भाग पडते. आणि कार्ब्युरेटरच्या काळातील जिप्सीत इंजेक्शनचे इंजिन बसविण्याचा प्रघात देशभरच्या जिप्सीशौकिनांत चांगलाच रूढ आहे. ज्यांच्या घरी फियाट किंवा त्याहून जुनी विलायती गाडी आहे, त्यांच्यापुढेही हाच मोह उभा असतो.

ह्या बदलाचे स्वरूप प्रथम समजून घेतले पाहिजे. कार्ब्युरेटर हे अत्यंत बुद्धिमान, परंतु आंधळे उपकरण आहे. इंजिन हवा ओढते. ती हवा एका अरुंद गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो व दाब उतरतो. त्या उतरलेल्या दाबामुळे शेजारच्या लहानशा कुंडीतील पेट्रोल बारीक छिद्रातून वर ओढले जाऊन हवेत मिसळते. छिद्र किती मोठे असावे हे कारखान्यात एकदाच ठरलेले असते. हवा थंड आहे की तप्त, गाडी सपाटीवर आहे की घाटात, पेट्रोल कसे आहे, ह्यांपैकी कशाचीही त्यास खबर नसते. ठिणगीची व्यवस्थाही तशीच. चार्ल्स केटरिंग ह्या अमेरिकन अभियंत्याने सिद्ध केलेली आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत आलेली बॅटरीवरची प्रज्वलनपद्धती पुढे अर्धशतकाहून अधिक काळ जगभर चालली. त्याच्या कंपनीचे डेल्को हे नाव आपल्याकडील मिस्त्री लोक ठिणगी वाटून देणाऱ्या त्या डबीस आजही देतात. त्या डबीतील पॉइंट प्रत्येक ठिणगीबरोबर थोडे थोडे झिजतात, आणि ठिणगीची वेळ हळूहळू चुकू लागते.

नव्या पद्धतीत इंजिनास ज्ञानेंद्रिये येतात. किती हवा आत आली, इंजिन किती तापले, धुरात किती प्राणवायू उरला, हे लहान लहान संवेदक सांगतात. एक इलेक्ट्रॉनिक पेटी त्यावरून हिशेब करते, आणि त्या हिशेबानुसार पेट्रोलचा फवारा काही सहस्रांश सेकंदांपुरता उघडते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा, हे प्रमाण त्यामुळे सांभाळता येते. फायदा केवळ इंधनाच्या बचतीचा नाही. मे महिन्यात चंद्रपुरास पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा वेळी जुन्या गाडीचा पंप टाकीतून पेट्रोल ओढू लागला की, नळीतच त्याची वाफ होते आणि इंजिन गुदमरून बंद पडते. इंजेक्शनच्या गाडीत टाकीकडील विजेचा पंप पेट्रोल दाबाखाली पुढे ढकलतो, त्यामुळे ते सहसा उकळत नाही. चितळाची वा वानराची धोक्याची हाक ऐकण्यासाठी ज्यास वारंवार इंजिन बंद करावे लागते, आणि वाघ पुढ्यात असताना ते पुन्हा चालू करावे लागते, त्या चालकास ह्या भेदाचे मोल समजावून सांगण्याची गरज नाही.

एवढा लाभ असताना आक्षेप तो कोणता? आक्षेप असा की, इंजिन बदलले, ठिणगी बदलली, इंधनाचा मार्ग बदलला, तर ती गाडी तीच राहिली काय? हा प्रश्न फार जुना आहे. मिलिंदपञ्ह ह्या पाली ग्रंथात भदंत नागसेन यवन राजा मिलिंदास विचारतात की, तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? राजा प्रत्येकास नाही म्हणतो, आणि अखेर त्यास कबूल करावे लागते की, ह्या सर्वांच्या विशिष्ट जुळणीस आपण व्यवहारासाठी रथ असे नाव दिले आहे. ग्रीकांकडे हाच प्रश्न थीसियसच्या जहाजाच्या रूपाने आला. अथेन्सचे लोक त्याच्या कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवीत गेले, असे प्लूटार्क सांगतो. सतराव्या शतकात हॉब्ज ह्या इंग्रज तत्त्वज्ञाने त्यास आणखी एक पीळ दिला: काढलेल्या जुन्या फळ्या जपून ठेवून कोणी त्यांचेच दुसरे जहाज बांधले, तर खरे जहाज कोणते?

नागसेनांचे उत्तर मला तर्कदृष्ट्या निर्दोष वाटते. परंतु आपल्या कामास ते पुरत नाही. गाडीत आत्मा नावाचा काही स्थिर पदार्थ नाही, हे मान्य केले म्हणजे कार्ब्युरेटर काढणाऱ्याने कोणाचा घात केला असे म्हणता येत नाही. तथापि एखादी दुर्मिळ गाडी वाटेल तशी कापलेली पाहून जाणत्या माणसास हळहळ वाटते, आणि ती हळहळ निव्वळ भ्रमातून येत नाही. त्याचे कारण, मला वाटते, असे आहे की जुनी वस्तू आपल्यासाठी दोन निरनिराळी कामे करते. एक काम सेवेचे: ती आपणांस वाहून नेते, निवारा देते. दुसरे काम साक्षीचे: आपल्या आधीची माणसे कशी विचार करीत, कोणत्या अडचणी कशा सोडवीत, हे ती न बोलता सांगते. कार्ब्युरेटरचा तो अरुंद गळा म्हणजे एका पिढीच्या बुद्धीचा पुरावा आहे. सेवेसाठी वस्तू बदलली तर सेवा सुधारते. साक्षीदारास मात्र बदलले की साक्षच नाहीशी होते. एकाच वस्तूकडून दोन्ही कामांची पूर्णपणे अपेक्षा करणे, हे आपल्या पेचाचे मूळ आहे.

देवालयांच्या बाबतीत आपल्या पूर्वजांनी हा भेद न बोलता ओळखला होता. ज्या देवालयात पूजा चालू आहे त्याचा जीर्णोद्धार करणे पुण्यकर्म मानले गेले. नवा कळस, नवी फरसबंदी, नवा सभामंडप ह्यांमुळे देव बदलला असे कोणी म्हटले नाही. उलट गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी असलेल्या मार्कंड्याच्या प्राचीन शिल्पमंडित देवालयाचे रक्षण पुरातत्त्व खाते करते, तेव्हा तेथे प्रत्येक मूळ दगडास मोल येते. १९६४ च्या व्हेनिसच्या सनदेने अशा कामाचा एक सुंदर दंडक घालून दिला: नवा घातलेला भाग एकंदर रचनेशी जुळावा, परंतु मूळ भागाहून निराळा ओळखू यावा. पुढे ऐतिहासिक मोटारींसाठी ट्युरिनची सनद झाली, तीही ह्याच परंपरेतली.

आपल्या सरकारनेही हा भेद मान्य केला आहे. जुलै २०२१ मध्ये झालेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या, आणि सांगाडा, टप वा इंजिन ह्यांत मोठा फेरफार न होता मूळ रूपात राखलेल्या गाडीस व्हिंटेज म्हणून निराळी नोंदणी मिळते. मात्र अशी गाडी नित्याच्या वा व्यापारी वापरासाठी चालविता येत नाही. साक्षीदारास मान द्यावा, पण त्यास कामास जुंपू नये, असा हा न्याय आहे, आणि तो मला पटतो. परंतु त्यातून एक विपरीत गोष्ट निघते. पहिल्या जिप्सी गाड्यांना २०३५ च्या अखेरीस ५० वर्षे पूर्ण होतील. त्या वेळी हा मान कोणत्या गाडीस मिळेल? जिने अरण्यातील धूळ खाल्ली, जिच्यावर एखाद्या घराचा संसार चालला, आणि म्हणूनच जिचे इंजिन बदलावे लागले, तिला तो मिळणार नाही. कोणा श्रीमंताच्या गॅरेजात चादरीखाली झोपून राहिलेल्या गाडीस मिळेल. कायद्याचा ह्यात दोष नाही. कायद्यास साक्षच तपासता येते, सेवा नाही. आपण मात्र कायद्याच्या मानास नैतिक श्रेष्ठता समजण्याची चूक करू नये. कष्टाने बदललेल्या वस्तूचा मान निराळ्या जातीचा, पण कमी प्रतीचा नव्हे.

मूळ रूपाच्या अभिमान्यांनी आणखी एका गोष्टीचा विचार करावा. गाडी जशीच्या तशी ठेवली, तरी तिच्या भोवतालचे जग जसेच्या तसे राहत नाही. जुन्या इंजिनांची घडण शिसे घातलेल्या पेट्रोलच्या काळातली होती. ते पेट्रोल आपल्या देशातून २००० साली गेले, आणि ते जाणे लहान मुलांच्या मेंदूच्या दृष्टीने अत्यंत इष्टच होते. आता पेट्रोलमध्ये ऊसाच्या मळीपासून व धान्यापासून काढलेले इथेनॉल मिसळले जाते. २०२५ साली हे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉलमध्ये प्राणवायू मुळातच असल्याने त्यास जळण्यासाठी हवा कमी लागते. कार्ब्युरेटरचे छिद्र मात्र जुन्याच हिशेबाने पेट्रोल सोडते. म्हणून हवा जास्त व इंधन कमी असे मिश्रण होते, आणि इंजिन अडखळते. जुन्या नळ्यांचे रबरही इथेनॉलने खराब होते. आजोबांच्या काळची गाडी आजोबांच्या काळच्या पेट्रोलवर चालविणे कोणासही शक्य नाही. तेव्हा, मी काहीच बदलले नाही, असे म्हणणारा मनुष्य आपण केलेल्या बदलापुरतेच बोलत असतो. जगाने केलेला बदल त्याच्या हिशेबात नसतो. संवेदक असलेले इंजिन बदललेले इंधन काही मर्यादेत ओळखून आपले माप बदलते. ह्या अर्थाने नवी व्यवस्था जुन्या गाडीस आजच्या जगात राहण्याची भाषा शिकविते.

येथवर मी बदलाच्या बाजूने बोललो. आता त्याच्या विरुद्ध जो सर्वांत बलवान आक्षेप मला वाटतो, तो मांडला पाहिजे. आणि तो शौकिनांचा नसून मिस्त्र्याचा आहे. कार्ब्युरेटर बिघडला तर अनुभवी मनुष्य तो रस्त्याच्या कडेला उघडतो, छिद्रात फुंकर घालतो, पॉइंट काचकागदाने घासतो, कान देऊन टायमिंग जुळवितो, आणि गाडी चालू करतो. त्याचे ज्ञान त्याच्या कानांत व बोटांत असते; ते कोणापासून विकत घ्यावे लागत नाही. इलेक्ट्रॉनिक पेटी फारशी बिघडत नाही हे खरे. परंतु बिघडली तर अरण्याच्या मध्यभागी तिच्यापुढे कोणाचेही कौशल्य चालत नाही. दुरुस्त करता येणारे पुष्कळ दोष जातात, आणि दुरुस्त न करता येणारा एखादा दोष येतो. त्याबरोबर मनुष्याचे स्वावलंबनही थोडे कमी होते. खेड्यातील मिस्त्र्याच्या बोटांतील विद्या एका पिढीत निरुपयोगी ठरणे ही लहान हानी नव्हे, आणि जो सुधारक ती हानी हिशेबात धरीत नाही त्याचा जमाखर्च खोटा आहे. तरीही, केवळ विद्या टिकावी म्हणून दुसऱ्याने धूर सोसावा, असे म्हणण्याचा अधिकार आपणांस पोहोचत नाही. नव्या पेटीची भाषा त्याच मिस्त्र्यास शिकण्याची सोय लावून देणे, हे त्यावरचे प्रामाणिक उत्तर आहे. ती सोय न लावता त्यास मागासलेला म्हणणे अन्यायाचे होय.

धुराचा उल्लेख आला, तेव्हा ह्या प्रश्नातील तिसऱ्या पक्षाकडे वळले पाहिजे. गाडी आणि मालक ह्यांच्या प्रेमात ज्याची संमती कोणी विचारीत नाही, असा हा पक्ष आहे. थंड इंजिन चोक ओढून चालू केले की अर्धवट जळलेले पेट्रोल व विषारी कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. जंगलात एकामागोमाग चालणाऱ्या उघड्या गाड्यांत पुढील गाडीचा धूर मागील गाडीतील वाटाड्याच्या छातीत जातो. प्रवासी एक दिवस येतो, वाटाड्या रोज येतो. श्वापदांस तर तक्रार करण्यास वाचाच नाही. मुंबईची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी अनेकांच्या स्मृतीत घर करून राहिली. परंतु टॅक्सीसाठी ठरलेली २० वर्षांची मर्यादा संपल्यावर तिचा शेवटचा काळापिवळा प्रतिनिधीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेला, आणि ते योग्यच झाले असे म्हणावे लागते. स्मृतीचा हक्क दुसऱ्याच्या श्वासापाशी थांबतो. मात्र केवळ इंजेक्शन बसविल्याने पापक्षालन होते, असेही कोणी समजू नये. धुराच्या नळीत विषारी वायूंचे निर्विषीकरण करणारे उपकरण जोडल्यावाचून काम अर्धेच राहते. आणि विजेच्या मोटारीने प्रश्न समूळ सुटेल असे म्हणणाऱ्यास आमच्या जिल्ह्याचे आकाश दाखवावे. चंद्रपूरचे औष्णिक वीजकेंद्र कोळसा जाळते, आणि त्यास पाणी मिळते ते मोहर्लीपर्यंत पसरलेल्या ह्याच इरई जलाशयाचे. विजेच्या गाडीमुळे अरण्यातील धूर जाईल, हा लाभ खराच. पण तो धूर कोणाच्या दारी गेला, हे विचारणे आपले कर्तव्य आहे.

शेवटी एक सूक्ष्म प्रश्न उरतो, आणि नीतीच्या दृष्टीने तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अलीकडे अशी उपकरणे मिळतात की, बाहेरून हुबेहूब जुना कार्ब्युरेटर, आत मात्र इंजेक्शन. जुन्या डेल्कोच्या झाकणाखाली पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक तुकडा. हे वेषांतर निर्दोष आहे काय? मालकाने स्वतःच्या डोळ्यांच्या सुखासाठी ते केले, तर त्यास खोटेपणा म्हणता येत नाही. घरातील विजेच्या दिव्यास आपण समईचा आकार देतो, तेव्हा कोणास फसवीत नाही. पण तीच गाडी मूळ रूपातली म्हणून विकली, प्रदर्शनात मांडली, किंवा नोंदणीसाठी पुढे केली, की तेच वेषांतर असत्य होते. वस्तू तीच, हातातील पाना तोच. पाहणाऱ्याचा विश्वास कशावर उभा आहे, एवढ्यानेच कृत्याची जात बदलते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीच्या मूळ तपशिलात परवानगीवाचून फेरफार करू देत नाही. त्याचा जाच अनेकांस होतो, पण त्याच्या मुळाशी असलेले तत्त्व हेच की, बदल करावयाचा तर तो सांगून करावा.

ह्या सर्वांवरून मला दिसणारा आचार असा. जी गाडी आपल्या जातीची शेवटची किंवा अपूर्व साक्षीदार आहे, तिला हात लावू नये. तिने क्वचित चालावे आणि पुष्कळ सांगावे. जी गाडी काम करते, तिला आजचे काम करण्यास जे हवे ते द्यावे, आणि देताना अंगावर अशी एकही जखम करू नये की जी पुढच्या पिढीस बुजविता येणार नाही. काढलेला कार्ब्युरेटर भंगारात न घालता तेल लावून, कापडात गुंडाळून, तारखेची चिठ्ठी बांधून ठेवावा. हॉब्जचे दुसरे जहाज बांधण्याचा मार्ग त्यामुळे खुला राहतो, आणि आपला निर्णय चुकला असे नातवास वाटले तर तो त्यास फिरविता येतो. काय बदलले, केव्हा बदलले व का बदलले, हे गाडीच्या कागदपत्रांत लिहून ठेवावे. पूर्वजांविषयीची निष्ठा म्हणजे त्यांच्या प्रत्येक खिळ्याचे जतन, असे मला वाटत नाही. त्यांनी ज्या हेतूने वस्तू घडविली तो हेतू पुढे चालविणे, आणि तो चालविताना आपण काय केले ते न लपविणे, ह्या दोन गोष्टी जमल्या तर जुन्या वस्तूचे ऋण बहुतांशी फिटते. घर, देवालय आणि रीत ह्यांचा हिशेब करतानाही ह्याहून फार निराळी पद्धत लागेल, असे मला दिसत नाही.